शनिवारचा कुत्रा आणि मंगळवारचा कुत्रा

अमेरिकेत आलेल्या मराठी माणसाच्या संसाराचे टप्पे साधारण ठरलेले असतात. आधी सेकंडहँड टोयोटा, मग ग्रीन कार्ड, मग घराचं मॉर्गेज, मग बेसमेंट फिनिश करणं. आणि मुलं शाळेत रुळली, की एका संध्याकाळी वरणभात कालवताना प्रस्ताव येतो, "आपण कुत्रा आणू या ना!" आमच्याकडे हा प्रस्ताव गेल्या वर्षीच्या जानेवारीत आला. मांडणारी धाकटी, वय वर्षं दहा. अनुमोदन देणारा थोरला, वय चौदा. एरवी या दोघांचं पिझ्झ्याच्या टॉपिंगवरही एकमत होत नाही, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे आम्ही ओळखलं.

कुत्रा आणायचा की नाही यावर आमच्याकडे फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो कुठला आणायचा यावर. मुलांचं म्हणणं सरळ होतं. आपली फॅमिली ॲक्टिव्ह आहे, तेव्हा कुत्राही ॲक्टिव्ह हवा. हे अगदीच खोटं नव्हतं. आम्ही सेंट्रल न्यू जर्सीत राहतो. शनिवारी सकाळी सॉकर, दुपारी हवा बरी असली तर डेलावेअर-रॅरिटन कॅनॉलच्या काठाने सायकली, उन्हाळ्यात डेलावेअर वॉटर गॅपला माउंट टॅमनीची चढण, आणि जमलं तर वर्षातून एकदा न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात चार दिवस. सिंहगडावर वाढलेल्या पायांना एवढं तरी लागतंच. कुत्र्यांच्या पुस्तकातही 'ॲक्टिव्ह कुटुंबासाठी' असं एक वेगळं प्रकरण असतं. त्यात बॉर्डर कॉली, सायबेरियन हस्की, व्हिझला, लॅब्रॅडॉर अशी नावं आणि शेजारी धावणाऱ्या कुत्र्यांचे देखणे फोटो असतात.

आम्ही दोघंही इंजिनिअर. इथेच मास्टर्स केलं, आणि आमच्यापैकी एकाची वीस वर्षं वीज कंपन्यांच्या कामात गेली. त्या धंद्यात दोन शब्द रोज कानावर पडतात, बेस लोड आणि पीक लोड. जुलैतल्या दुपारी सगळ्यांचे एसी चालू होतात तो पीक लोड. तो काही तासांचा. पण पहाटे तीन वाजतासुद्धा फ्रिज, दवाखाने, रस्त्यावरचे दिवे चालू असतात, तो बेस लोड. तो चोवीस तास, तीनशे पासष्ट दिवस भागवावा लागतो. कुत्र्याची गरज ही बेस लोडसारखी आहे, असं आमच्या लक्षात आलं. त्याला शनिवारी तीन तास फिरवलं म्हणून मंगळवारचं फिरणं माफ होत नाही.

म्हणून पहिलं काम एवढंच केलं, की फ्रिजवर एक कागद लावला आणि चार आठवडे घरातला प्रत्येक जण रोज खरोखर किती वेळ घराबाहेर चालतो-पळतो ते लिहिलं. सॉकर, जिम धरायचं नाही, कारण तिथे कुत्रा येत नाही. शनिवारची सरासरी निघाली दोन तास चाळीस मिनिटं. रविवारी मराठी शाळा आणि ग्रोसरी धरून सव्वा तास. आणि मंगळवारी? मंगळवारी थोरल्याचा व्हायोलिनचा क्लास, धाकटीचं स्विमिंग, एकाची भारतातल्या टीमबरोबर सकाळी सातची मीटिंग. मंगळवारची सरासरी आली पंचवीस मिनिटं. म्हणजे आमची फॅमिली ॲक्टिव्ह होती ती शनिवारी. मंगळवारी ती फक्त बिझी होती. कुठलाही कुत्रा पाळायचा तर तो मंगळवार वाढवावा लागणार हे तिथेच ठरलं. सकाळी पाऊण तास आणि संध्याकाळी पाऊण तास, आळीपाळीने, बर्फ असो की पाऊस. याहून जास्त देऊ असं वचन प्रामाणिकपणे कुणालाच देता येईना.

आता हा दीड तास समोर ठेवून एकेका जातीकडे पाहिलं, की चित्र पालटतं.

थोरल्याची निवड होती हस्की. निळे डोळे, लांडग्यासारखा चेहरा, कुणालाही भुरळ पडावी. या कुत्र्यांची कहाणीही तशीच. १९२५ च्या जानेवारीत अलास्कातल्या नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी आणि सुमारे दीडशे कुत्र्यांनी मिळून पावणेसातशे मैल बर्फातून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. पण ज्याच्या पूर्वजांनी पिढ्यान्‌पिढ्या ओझं ओढत पळणं हेच केलं, तो गळ्यात पट्टा अडकवल्यावर ओढणार नाही तर काय करणार? कुंपणाखालून उकरून पळून जाण्यातही हस्की पटाईत. आणि एवढा जाड कोट घालून न्यू जर्सीच्या जुलैत त्या बिचाऱ्याने काय करावं?

धाकटीची निवड बॉर्डर कॉली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेवरचा हा मेंढ्या वळणारा कुत्रा. १८९३ मध्ये नॉर्थंबरलंडमध्ये जन्मलेला 'ओल्ड हेम्प' नावाचा कुत्रा आजच्या बहुतेक सगळ्या बॉर्डर कॉलींचा मूळपुरुष मानला जातो. हुशारी किती, तर साउथ कॅरोलायनातल्या जॉन पिली नावाच्या मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी आपल्या 'चेसर' या कुत्रीला हजाराहून जास्त खेळण्यांची नावं शिकवली होती. पण या हुशारीला रोज काम लागतं. काम दिलं नाही तर ती स्वतः शोधते. मग वाढदिवसाला जमलेल्या पोरांना मेंढ्या समजून कोपऱ्यात वळवणं, पळणाऱ्याच्या टाचेला दात लावणं असले उद्योग सुरू होतात. आमच्या ओळखीच्या एका मराठी कुटुंबाने मोठ्या हौसेने बॉर्डर कॉलीचं पिल्लू आणलं होतं. दोघांच्या नोकऱ्या, दिवसभर घर बंद. दहा महिन्यांनी ते त्यांना दुसऱ्याला द्यावं लागलं. त्यांचा मुलगा त्यानंतर कितीतरी दिवस जेवणाच्या टेबलावर बोलत नव्हता. कुत्रा वाईट नव्हता, माणसं तर फारच चांगली. मंगळवार जुळला नाही, एवढंच.

बीगलचं नाव आमच्यापैकी एकीने सुचवलं, कारण वीस-तीस पौंडांचं आटोपशीर जनावर. पण बीगल म्हटल्यावर घरात हशा पिकला. या कुत्र्याची आपल्या लोकांशी जुनी ओळख आहे. इमिग्रेशन पार करून, बॅगा घेऊन आपण निष्पाप चेहऱ्याने उभे असतो, तेवढ्यात हा येतो, आपल्या बॅगेपाशी शांतपणे बसतो, आणि आईने प्रेमाने दिलेला कढीपत्ता तिथेच राहतो. सरकारने १९८४ पासून विमानतळावर बीगल नेमले ते याच नाकासाठी. स्वभाव गोड, पण एकदा का नाकाला वास लागला की कान बंद. ससा दिसला की तो आपल्याला सायकलीसकट कॅनॉलमध्ये नेणार.

जर्मन शेपर्ड म्हणजे आपल्या लहानपणचा 'अल्सेशियन'. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना जर्मन हे नाव नको होतं म्हणून हे नाव पडलं, आणि इंग्लंडच्या केनेल क्लबने १९७७ मध्ये मूळ नाव परत दिलं तरी पुण्या-सांगलीच्या बंगल्यांच्या पाट्यांवर 'अल्सेशियन' कित्येक वर्षं टिकला. राखणीला उत्तम, पण आम्हाला राखणदार नको होता.

उरले गोल्डन रिट्रीव्हर आणि लॅब्रॅडॉर. गोल्डन हा १८६८ च्या सुमारास स्कॉटलंडात एका उमरावाने तयार केलेला. स्वभाव लोण्यासारखा. पण या जातीत कॅन्सरचं प्रमाण इतकं आहे, की त्याची कारणं शोधायला २०१२ पासून तीन हजारांवर गोल्डन कुत्र्यांचा जन्मभर पाठपुरावा करणारा अभ्यास सुरू झाला. लॅब्रॅडॉर मूळचा न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचा, जाळी आणि मासे पाण्यातून ओढून आणणारा. अमेरिकन केनेल क्लबच्या यादीत १९९१ पासून २०२१ पर्यंत सलग एकतीस वर्षं तो पहिला होता. २०२२ मध्ये फ्रेंच बुलडॉगने त्याला खाली ढकललं. (फ्रेंच बुलडॉग दिसायला गोजिरवाणा, पण बसकं नाक, धाप लागते. त्याला टॅमनीवर नेणं म्हणजे पाप.) लॅबचा एक दोष मात्र आपल्या घरांत हमखास वाढणारा. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की सुमारे चौथाई लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडाच गळालेला असतो, आणि अशा कुत्र्यांना अन्नाची ओढ जास्त असते, वजनही जास्त भरतं. म्हणजे याला आणि "अजून एक पोळी घे रे"ला एका घरात ठेवणं जरा जोखमीचंच.

इथवर आल्यावर आमच्या वाचनात २०२२ चा एक अभ्यास आला, आणि आमचं तक्तेबाज डोकं थोडं ठिकाणावर आलं. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेऊन, त्यांतल्या दोन हजारांवर कुत्र्यांचे जनुक तपासून शास्त्रज्ञांनी असं मांडलं, की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकापैकी जेमतेम नऊ टक्के फरक जातीने सांगता येतो. जातीवरून अंगकाठी, केस, आजार यांचा अंदाज येतो. वळणं, ओढणं, आणून देणं यांचा कलही थोडाफार कळतो. पण समोरचा कुत्रा माणसांच्या अंगावर उड्या मारेल की शांत बसेल, हे त्या कुत्र्यालाच भेटून पाहावं लागतं. आपल्याकडे लग्न जमवताना जातपात, पत्रिका सगळं बघूनही शेवटी 'मुलगी बघायला' जावं लागतंच की! तसंच हे.

आणि आम्हाला तर असं काही तपासायचं होतं, जे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

बाबा जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. आई, म्हणजे आमच्यातल्या एकाची आई आणि एकीची सासू, मे महिन्यात साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी येणार होती. एकटी येण्याची तिची ही पहिलीच वेळ. आणि आईला कुत्र्याची भीती. साधी नव्हे. नऊ वर्षांची असताना कराडला गल्लीतलं कुत्रं चावलं, आणि त्या काळच्या पद्धतीप्रमाणे पोटात चौदा इंजेक्शनं. आजोबा तिला रोज हात धरून दवाखान्यात नेत. (ती जुन्या प्रकारची लस भारतात २००४ अखेर बंद झाली, पण त्या पिढीच्या पोटातली भीती थोडीच बंद होते?) ज्या घरात तिने दुःख विसरायला यायचं, तिथे तिने पलंगावर पाय वर घेऊन बसावं, हे आम्हाला कल्पनेतही नको होतं. मुलांना तर आम्ही स्पष्टच सांगितलं, आजी नको म्हणाली तर विषय संपला.

व्हिडिओवर विचारलं. आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "विचारलंत हे बरं केलंत. मुलांचं घर आहे, पाळा. दत्ताच्या तसबिरीत चार कुत्री आहेतच की, त्यांना रोज नमस्कार करते मी. पण अंगावर येणारं नको हं. आणि ते उंची विलायती कशाला? आपली गावठी काय वाईट असतात?"

दुसरी अट बाबांच्या आजारपणाने शिकवलेली. परदेशात राहणाऱ्या प्रत्येक घरात रात्री दोनचा फोन कधीतरी वाजतो. आमच्याकडे वाजला तेव्हा चार तासांत आम्ही नेवार्कच्या विमानतळावर होतो. मुलांना शेजाऱ्यांनी सांभाळलं. उद्या घरात कुत्रा असताना तसा फोन आला तर? डिसेंबरच्या ट्रिपसाठी केनेल सहा महिने आधी बुक करता येतं, लसींचे कागद तयार ठेवता येतात. रात्री दोनच्या फोनचं बुकिंग नसतं. तेव्हा कुत्रा असा हवा, जो शेजारच्या घरी पट्टा हातात देताच निमूट जाईल, आणि आम्ही नसताना तीन आठवडे जेवेल, झोपेल. एकाच माणसाला चिकटणारे, परक्यावर गुरगुरणारे कितीही इमानी असोत, ते आपल्यासारख्या दोन देशांत पाय असलेल्यांसाठी नाहीत.

तिसरी गोष्ट साध्या वजाबाकीची. लॅबच्या आकाराचा कुत्रा अकरा ते तेरा वर्षं जगतो. थोरला चार वर्षांत कॉलेजला जाणार, धाकटी आठ वर्षांत. पिल्लू आणलं तर त्याचं म्हातारपण आम्हा दोघांच्याच वाट्याला, गुडघे आमचेही दुखायला लागलेले असताना. शिवाय पिल्लाची हाडं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तोवर त्याला लांब पळवायचं नसतं. म्हणजे ज्या डोंगरांसाठी आणायचं, ते डोंगरही लांबणीवर. याउलट तीन-चार वर्षांचा कुत्रा आणला, तर तो पहिल्या महिन्यापासून टॅमनी चढेल, आणि त्याचा स्वभाव जसा आहे तसा समोर दिसेल.

तेव्हा आम्ही ब्रीडरकडे न जाता शेल्टरमध्ये गेलो. तिथल्या बाईंनी जेवढे प्रश्न आम्हाला विचारले तेवढे मॉर्गेजवाल्यांनीही विचारले नव्हते. कुत्रा किती तास एकटा राहील? कुंपण आहे का? घरात कोण कोण? आम्ही फ्रिजवरचा कागद दाखवला. बाई खूश झाल्या. म्हणाल्या, बहुतेक लोक आम्हाला त्यांचा शनिवार सांगतात.

धाकटीला एक दोन वर्षांचा हस्कीमिश्र कुत्रा आवडला. त्याने झेप घेऊन तिचा चेहरा चाटला आणि ती तिथेच त्याची झाली. आम्ही मात्र एक विनंती केली. तिथे काम करणाऱ्या एका वयस्क स्वयंसेविकेला खुर्चीत बसवलं आणि एकेका कुत्र्याला खोलीत सोडायला सांगितलं. हस्कीमिश्राने त्यांच्याही मांडीवर पाय ठेवले. दुसरी आली एक काळी, पंचावन्न पौंडांची, चार वर्षांची कुत्री. लॅब आणि आणखी कोण कोण. तिच्या म्हाताऱ्या मालकिणीला वृद्धाश्रमात जावं लागलं म्हणून ती इथे आलेली. ती खुर्चीच्या चार फुटांवर आली, थांबली, बसली, आणि बोलावण्याची वाट पाहू लागली.

धाकटी परतीच्या वाटेवर मागच्या सीटवर रडली. आम्ही तिला रडू दिलं. घरी आल्यावर एवढंच विचारलं, "पहिला कुत्रा आला असता तर आजी कुठे बसली असती?" उत्तर आलं नाही. पण दुसऱ्या शनिवारी काळीला पुन्हा भेटायला गेलो, तेव्हा ब्रश तिनेच बरोबर घेतला होता.

कुत्रीचं शेल्टरमधलं नाव सॅडी. आईने पहिल्या दिवशी ऐकलं आणि विचारलं, "साडी? कुत्रीचं नाव साडी?" मग तिनेच त्याची 'सई' केली, आणि आता घरात तेच चालतं. मिश्र जातीची आहे म्हटल्यावर आईचं समाधान झालं. "म्हणजे इकडचं गावठीच की."

सईमुळे घरातले नियम बदलले. कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट कुत्र्याला विषासमान. म्हणजे फोडणीचं वरण नाही, बेदाणे घातलेला प्रसादाचा शिरा नाही. गणपतीत पाहुण्यांना हे सांगायला दारावर पाटीच लावली. हार्टवर्मची गोळी महिन्याच्या एक तारखेला, मॉर्गेजबरोबर. फिरण्याचे नकाशेही बदलले. मुलांच्या मनात तिला यलोस्टोनला न्यायचं होतं, पण तिथे पायवाटांवर कुत्र्यांना मनाई, आणि बहुतेक मोठ्या नॅशनल पार्कांत तसंच. त्याऐवजी शेनँडोआ आणि मेनमधलं अकेडिया, जिथे पट्टा लावून बहुतेक वाटांवर जाता येतं. ऑगस्टमध्ये अकेडियाला गेलो. सई आमच्याआधी वर पोचली आणि मागे वळून बघत उभी राहिली.

एक गोष्ट आम्ही योजली नव्हती. आईसाठी सईला मराठी हुकूम शिकवले, बस, थांब, नको, मागे हो. आजीला इंग्रजीत उत्तरं देणारी मुलं कुत्रीशी मात्र दिवसभर मराठीत बोलू लागली. मराठी शाळेच्या बाईंनी आम्हाला विचारलंसुद्धा, हिची क्रियापदं एकदम कशी सुधारली?

आणि आई? आईने सहा महिन्यांत सईला एकदाही हात लावला नाही. पण दुपारी आम्ही कामावर, मुलं शाळेत, तेव्हा ती मागच्या पायरीवर मेथी निवडत बसायची, आणि सई चार फुटांवर. पहिल्यांदा ते अंतर सईने ठेवलं होतं. नंतर सई आत राहिली तर आईच दार उघडून म्हणायची, "ये गं बाहेर, बस तिथे." बाबांबद्दल ती आमच्याशी फार बोलली नाही. सईशी मात्र बोलत असावी. एकदा एक जण मीटिंग संपवून लवकर घरी आला, तेव्हा तिचा आवाज ऐकू येत होता, आणि आमची चाहूल लागताच थांबला. आम्ही काही विचारलं नाही. "एवढं अंतर बरं असतं," असं आई सईबद्दल म्हणाली होती, "माणसांतसुद्धा."

तेव्हा मंडळी, तुमच्या घरी वरणभात कालवताना तो प्रस्ताव आला, तर जातींची यादी उघडण्याआधी फ्रिजवर एक कागद लावा. मंगळवार मोजा. रात्री दोनचा फोन आठवा. घरात येणारी-जाणारी म्हातारी माणसं कुठे बसतात ते बघा. मग जातींची पुस्तकं जरूर वाचा, फार सुंदर असतात. आणि शेवटी त्या एका कुत्र्यासमोर जाऊन अर्धा तास शांत बसा. आम्हाला अजून एकच प्रश्न पडलेला आहे. आई पुढच्या मे महिन्यात परत येणार आहे, आणि फोनवर विचारत होती, येताना सईसाठी काय आणू? कढीपत्ता सोडून काहीही आण, असं कळवलं आहे.